नोंदवही कोणी सांभाळावी?

अलीकडे धर्मग्राम परिषदा, शिक्षणसंस्था, पतपेढ्या आणि धर्मभगिनींच्या सेवासंस्था यांच्या बैठकांत एक विषय वारंवार पटलावर येऊ लागला आहे. संस्थेच्या शाखा दहा-वीस ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक ठिकाणी संगणक आलेला असतो. आता या सर्व शाखांची माहिती एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवावी, की प्रत्येक शाखेने आपापला सर्व्हर बाळगून आपली माहिती आपल्याच घरात ठेवावी? एखादा तरुण अभियंता उभा राहून दोन्ही पद्धतींचा खर्च सांगतो, ज्येष्ठ मंडळी माना डोलावतात, "जे स्वस्त पडेल ते करा" असा ठराव होतो आणि चहा येतो.

मला वाटते, हा विषय इतक्या लवकर आटोपण्यासारखा नाही. यंत्र कोठे ठेवावे हा प्रश्न तंत्रज्ञांचा असेल. परंतु माणसाविषयीची नोंद कोणाच्या हाती असावी, ती चुकली तर कोणी दुरुस्त करावी, ती कोणाला दिसावी आणि कोणाला दिसू नये, हे प्रश्न नीतीचे आहेत. अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

प्रथम दोन्ही पद्धती सरळपणे समजून घेऊ. सर्व्हर म्हणजे ज्या यंत्रात माहितीच्या वह्या रचून ठेवलेल्या असतात आणि इतर यंत्रे ज्याच्याकडे मागणी करून माहिती मिळवतात ते यंत्र. मध्यवर्ती पद्धतीत ते एकच असते. एका शाखेतील कारकून नाव टिपतो आणि ते नाव दूरच्या केंद्रात जाऊन बसते. दुसऱ्या शाखेला ते त्याच क्षणी दिसते. माहिती एकाच जागी असल्यामुळे दोन वह्यांत दोन निराळ्या गोष्टी लिहिल्या जाण्याचा संभव कमी होतो. निगा राखायला एक-दोन जाणकार माणसे पुरतात, प्रती काढण्याची शिस्तही एकाच ठिकाणी पाळावी लागते. मात्र जोडणी तुटली किंवा केंद्र बंद पडले की साऱ्या शाखा एकदम आंधळ्या होतात. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आज तलाठ्याच्या कार्यालयापासून टपाल कचेरीपर्यंत इतके रुळले आहे, की ते अस्सल मराठी वाटावे. स्थानिक पद्धतीत शाखा आपल्या वहीची धनीण असते. बाहेरची जोडणी तुटली तरी तिचे काम थांबत नाही, उत्तरही चटकन मिळते. परंतु दहा ठिकाणी दहा यंत्रे दहा जणांच्या हाती असतात, त्यांतील चौघे प्रत काढून ठेवायला हमखास विसरणारे निघतात, आणि एकाच माणसाचे नाव तीन शाखांत तीन प्रकारे लिहिले जाते.

मोठ्या संस्थांनी या पेचातून आपापले मार्ग काढले. पूर्वी आपले खाते बँकेच्या एका विशिष्ट शाखेत असे. शाखेचा व्यवस्थापक खातेदाराला ओळखत असे आणि दुसऱ्या गावच्या शाखेत आपल्याला कोणी विचारीत नसे. २००० नंतरच्या दशकात आपल्या बँकांनी शाखाशाखांतील खाती उचलून मध्यवर्ती यंत्रणेत नेली. रेल्वेने निराळे केले. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले; पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही तशी केंद्रे उभी राहिली. ही केंद्रे बराच काळ परस्परांशी बोलत नव्हती. परतीच्या प्रवासाची जागा हवी असली की तार करून वाट पाहावी लागे, हे आमच्या पिढीला चांगले आठवते. १९९९ साली ती पाचही केंद्रे जोडण्यात आली. पण जोडताना पाचांचे एक करण्यात आले नाही. गाडीच्या जागांचा हिशेब तिच्या स्वतःच्या केंद्राकडेच राहिला आणि इतर केंद्रांनी तेथे विचारणा करावी अशी व्यवस्था झाली. ही तिसरी वाट ध्यानात ठेवावी, कारण ती आपल्या फार जुन्या ओळखीची आहे.

ख्रिस्तसभा ही अनेक शाखांची संस्था आहे आणि नोंदी कोठे ठेवाव्यात हा प्रश्न तिने संगणकाच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत लिहावीत असेही सांगितले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती आणि मृत्यू अशा पाच वह्यांचा नमुना घालून दिला. या वह्या रोमला नव्हत्या, बिशपांच्या वाड्यातही नव्हत्या. त्या धर्मग्रामात होत्या. १९१७ च्या धर्मसंहितेतील ४७० व्या कलमाने त्यात भर घातली, की वर्षअखेरीस प्रमुख धर्मगुरूंनी या वह्यांची प्रमाणित प्रत बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी. फक्त कुटुंबांच्या स्थितीची वही तेवढी वगळावी. हे वगळणे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला हे वरच्या कार्यालयाला कळावे; पण कोणत्या घरात काय चालले आहे, कोण प्रार्थनेला येईनासा झाला आहे, हे त्या घराच्या धर्मगुरूपाशीच राहावे असा विवेक त्यात दिसतो. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम आज लागू आहे. त्यानुसार बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामात हव्यात, त्यांच्यासाठी सुरक्षित दप्तरखाना हवा आणि बिशपांनी अथवा त्यांच्या प्रतिनिधीने भेटीच्या वेळी ते दप्तर तपासावे.

याहून सूक्ष्म व्यवस्था समासातील नोंदीची आहे. एखाद्या मुलीचा बाप्तिस्मा वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात झाला, ती नोकरीनिमित्त नाशिकला राहिली आणि पुण्यात विवाहबद्ध झाली असे समजा. पुण्याच्या धर्मगुरूंनी विवाह आपल्या वहीत लिहायचा आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवायचे. तेथील धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी समासात तो विवाह टिपायचा. दृढीकरण, दत्तकविधान, गुरुदीक्षा, आजीवन व्रतग्रहण यांचेही तसेच. उद्या तो विवाह अवैध ठरला तरी तीही नोंद त्याच समासात येऊन पोहोचते. म्हणजे माणूस जगभर हिंडला तरी त्याच्या नोंदीचे घर एकच असते आणि बाकीच्यांनी त्या घरी निरोप पाठवायचा असतो. रेल्वेच्या अभियंत्यांनी संहिता वाचली होती असे मी म्हणत नाही. पण एका गोष्टीचा हिशेब एकाच ठिकाणी आणि ठिकाणे मात्र अनेक, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे. तेव्हा 'केंद्र की शाखा' हा प्रश्न जसा मांडला जातो तसा तो अपुराच आहे. प्रत्येक नोंदीचे घर कोणते, हे आधी विचारायला हवे.

व्यवस्था सुंदर आहे म्हणून ती निर्दोष मानू नये. पुण्याहून निघालेले पत्र टपालात हरवते, किंवा निघतच नाही. सणासुदीच्या गडबडीत ते टेबलाच्या खणात राहते, धर्मगुरूंची बदली होते आणि नवीन धर्मगुरूंना त्या खणाचा इतिहास माहीत नसतो. समास कोरा राहतो. मग विवाहित माणसाच्या हाती अविवाहिताचा दाखला पडू शकतो. विवाहासाठी सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला मागण्याची प्रथा याच भीतीतून आली आहे; पण कोऱ्या समासावरून काढलेला दाखला कितीही ताजा असला तरी कोराच. एक मध्यवर्ती यंत्र असते तर विवाहाच्या दिवशीच सर्वांना कळले असते, हा मध्यवर्तीवाल्यांचा युक्तिवाद अशा वेळी अतिशय बळकट ठरतो. त्यामागे एखाद्या स्त्रीची फसवणूक टळण्याचा प्रश्न आहे.

परंतु येथे संगणकशास्त्राची एक मर्यादा आडवी येते. अनेक ठिकाणी विखुरलेल्या माहितीविषयी एरिक ब्रूअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००० साली एक विधान मांडले आणि २००२ साली सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले. साध्या भाषेत त्याचा आशय असा, की ठिकाणांमधील जोडणी तुटली असताना यंत्रणेला दोहोंपैकी एकच पथ्य पाळता येते. एक तर तिने जोडणी पूर्ववत होईपर्यंत उत्तर देण्याचे नाकारावे, म्हणजे चुकीचे उत्तर जाणार नाही; किंवा आपल्यापाशी असेल ते उत्तर द्यावे आणि ते शिळे असण्याचा धोका पत्करावा. पैसे ओतून ही निवड टाळता येत नाही.

आता ही निवड नैतिकदृष्ट्या पाहा. विवाहास इच्छुक व्यक्ती मोकळी आहे की नाही, हा प्रश्न थांबू शकतो, थांबलाच पाहिजे. चार दिवस विवाह पुढे गेला तर जेवणावळीचे नुकसान होईल, पण शिळ्या माहितीवर विवाह लागला तर आयुष्यांचे नुकसान होईल. उलट जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. अशा दिवशी कोणाच्या घरी मृत्यू झाला तर केंद्राशी जोडणी होत नाही म्हणून दफन थांबवायचे काय? तेथे हाताशी असलेल्या वहीत लिहावे, माणसाला सन्मानाने निरोप द्यावा आणि केंद्राला मागाहून कळवावे. आजारी मुलाच्या तातडीच्या बाप्तिस्म्याचेही तेच. म्हणून एकच नियम सर्व नोंदींना लावणारी यंत्रणा, मग ती मध्यवर्ती असो वा स्थानिक, मला आळशी वाटते. कोणता प्रश्न थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हे ठरवून मगच यंत्रे विकत घ्यावीत. आणि ते ठरवण्याचे काम विक्रेत्याचे नव्हे.

आगीचा आणि पाण्याचा विचार दोन्ही बाजूंचे लोक करतात, पण सहसा अर्धाच करतात. पवित्र शास्त्रात एज्राच्या ग्रंथात या संदर्भात एक विलक्षण प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेले यहुदी यरुशलेमचे मंदिर पुन्हा बांधत असतात. प्रांताधिपती ततनई त्यांना विचारतो, परवानगी कोणाची? ते सांगतात, कोरेश राजाने दिली होती. कोरेश मरण पावलेला, राज्य दारयावेशाचे. मग नोंदीचा शोध सुरू होतो. तो बाबेलच्या दप्तरखान्यात घेतला जातो, कारण कागद असला तर राजधानीत असणार अशी सर्वांची समजूत. गुंडाळी सापडते ती मात्र मेदय प्रांतातील एकबताना येथील राजवाड्यात. पर्शियन राजे उन्हाळ्यात जेथे मुक्काम करीत ते हे नगर. एका आडबाजूच्या दप्तरात एक गुंडाळी टिकली म्हणून मंदिराचे काम पुढे चालले. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात उलट बाजूही आहे: काही याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदींत आपली नावे सापडत नाहीत आणि त्यांना याजकपणापासून दूर ठेवले जाते. नोंद हरवली की माणूसही हरवतो, हे त्या लोकांनी सोसले होते.

अर्वाचीन काळातील उदाहरण आयर्लंडचे. तेथील अँग्लिकन ख्रिस्तसभेच्या जुन्या वह्या १८७० च्या दशकातील कायद्यांन्वये सार्वजनिक दप्तर ठरल्या. ज्या धर्मग्रामांत त्या नीट सांभाळण्याची सोय नव्हती, तेथून त्या डब्लिनच्या मध्यवर्ती दप्तरखान्यात आणण्यात आल्या. हेतू चांगलाच होता. ओल, वाळवी आणि निष्काळजी धर्मगुरू यांच्यापासून वह्या वाचवायच्या होत्या. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात त्या दप्तरखान्याचा स्फोट होऊन आग लागली आणि सुमारे १,००० धर्मग्रामांच्या वह्या एका दिवसात गेल्या. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या कोणी केंद्रात नेल्याच नव्हत्या. त्या ओलसर कपाटांत, कुरतडलेल्या कडांनिशी, पण जागच्या जागी राहिल्या. पुढे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि २०१५ साली ती सर्वांना घरबसल्या पाहायला खुली केली. अँग्लिकन वह्यांपैकी काहींचा मजकूर तेवढा वाचला, कारण काही धर्मगुरूंनी वही केंद्राकडे धाडण्यापूर्वी स्वहस्ते तिची नक्कल करून ठेवली होती.

ही गोष्ट ऐकून स्थानिक पद्धतीचा जयजयकार करण्याचा मोह होतो. तो आवरावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरील कागदांची काय दशा झाली हे मुंबई आणि परिसरातील लोकांना सांगायला नको. डब्लिनची शिकवण 'घरी ठेवा' एवढीच नाही. वही एकीकडे आणि तिची प्रत दुसरीकडे ही आहे. शंभर वर्षांनंतरही शहाणी राष्ट्रे ती विसरतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तेथे सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणारी एक यंत्रणा होती, ८५८ टेराबाइट माहितीची. आकार फार मोठा म्हणून तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. संगणकविद्येत अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशाची ही कथा.

आतापर्यंत नोंद नष्ट होण्याचे भय पाहिले. नोंद टिकून राहण्याचेही भय असते, आणि ख्रिस्ती माणसाने ते अधिक गांभीर्याने घ्यावे असे मला वाटते. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून लोकसंख्येच्या नोंदी अत्यंत नेटक्या होत्या आणि त्यांत धर्माचा रकाना होता. तो रकाना कोणी दुष्ट हेतूने आखलेला नव्हता. नाझी सैन्य आले तेव्हा यहुदी कोण आणि ते कोठे राहतात हे शोधायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. तेथील सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी तीन चतुर्थांश मारले गेले. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण अन्यत्र क्वचितच आढळते. २७ मार्च १९४३ च्या रात्री शिल्पकार गेरिट व्हान डेर वेन आणि चित्रकार-लेखक विलेम आरोंडेउस यांच्या गटाने ॲमस्टरडॅमच्या लोकनोंदणी कार्यालयात स्फोट घडवले. तेथील सुमारे ८,००,००० पत्रिकांपैकी जेमतेम १५ टक्के नष्ट झाल्या. अग्निशामक दलाचे जवान मुद्दाम उशिरा आले आणि त्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी मारले. त्या गटातील १२ जणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालण्यात आल्या.

आपली परिस्थिती तशी आहे असे मी सुचवीत नाही, आणि कोणाच्या मनात भय पेरणे हा माझा हेतू नाही. पण ज्या वहीत कोण ख्रिस्ती, कोण कोणत्या वयात ख्रिस्ती झाला, कोणाचे मूल दत्तक, कोणाचा विवाह अवैध ठरला हे सारे लिहिलेले आहे, ती वही पन्नास कपाटांत विभागलेली असणे आणि एका संकेतशब्दाने एका पडद्यावर उघडणारी असणे, यांत फरक आहे. कपाट उघडायला माणसाला उठून जावे लागते, तेथे कोणीतरी विचारते, "काय हवे?" हा अडथळा गैरसोयीचा असतो आणि संरक्षकही असतो. विशेषतः दत्तक मुलाच्या बाबतीत. आपल्या जन्माची कथा त्याला आईवडिलांकडून, योग्य वेळी कळायला हवी. दुसऱ्या टोकाच्या शाखेतील, नावे चाळत बसलेल्या कंटाळलेल्या कारकुनाकडून नव्हे. आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; पण कायदा नसता तरी हे कर्तव्य होतेच.

मात्र येथेही स्थानिकतेचा भाबडा गौरव नको. गावात सर्वांना सर्वांचे सर्व माहीत असते. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या संहितेनुसार गुप्तपणे लावलेल्या विवाहाची नोंद धर्मग्रामाच्या वहीत करीत नाहीत. ती बिशपांच्या कार्यालयातील गुप्त दप्तरात वेगळ्या वहीत होते आणि त्या दप्तराची किल्ली केवळ बिशपांजवळ असते. काही गोष्टी घरापासून दूर ठेवल्या तरच सुरक्षित राहतात, हे व्यवहारज्ञान त्यात आहे.

आणि स्थानिक सत्ता! आपल्या महाराष्ट्राने कुलकर्ण्याचे दप्तर पाहिले आहे. गावची जमीन कोणाची, शेत कोणाच्या नावे, हे त्याच्या बासनात असे. सज्जन कुलकर्णी असला तर ते दप्तर म्हणजे गावाची स्मृती. दुर्जन असला तर तेच गरिबाच्या गळ्याचा फास. तक्रार करायची तर ती त्याच्याकडेच. चर्चच्या कार्यालयातही दाखल्यासाठी आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणून परत पाठवले जाते, आणि तो परत जाणारा सहसा बंगलेवाला नसतो. तो विरारहून दोन गाड्या बदलून आलेला, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवलेला माणूस असतो. किंवा दूरच्या आदिवासी पाड्यावरून शहरात घरकामाला आलेली मुलगी, जिचा बाप्तिस्मा कोठे झाला हे तिला नीटसे सांगताही येत नाही. तिच्यासाठी कोठूनही शोध घेता येईल अशी मध्यवर्ती सूची म्हणजे चैन नव्हे, न्याय आहे. आमच्यासारख्या धर्मगुरूंनी स्थानिक स्वायत्ततेचा कैवार घेताना या मुलीकडे पाहून घ्यावे.

अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या सामाजिक परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले: लहान समूहाला जे नीट करता येते ते मोठ्या समूहाने त्याच्या हातून काढून घेऊ नये. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९१ च्या परिपत्रकात त्याचा पुनरुच्चार केला. आपल्याकडे या तत्त्वाचा पूर्वार्धच मोठ्या आवडीने सांगितला जातो. लहान समूहाला मदतीची गरज असेल तेथे मोठ्याने ती द्यावी, हा त्याचा उत्तरार्ध आहे. प्रत काढण्याची शिस्त, यंत्राची निगा, चोरट्यांपासून संरक्षण, हरवलेल्याचा शोध ही कामे एकेका धर्मग्रामाला पेलणारी नाहीत. ती केंद्राने उचलावीत. पण नोंद करणे आणि नोंद दुरुस्त करणे, हे मात्र जेथे त्या माणसाला ओळखतात तेथेच राहावे.

दुरुस्तीवर मी जोर देतो त्याला कारण आहे. आमच्या भागातील जुन्या वह्यांत एकच आडनाव कधी पोर्तुगीज वळणाने, कधी इंग्रजी वळणाने आणि घरात मराठी उच्चाराने नांदते. घोन्साल्विस, गोन्साल्विस, गोन्सालवीस. मच्याडो आणि मचाडो. त्यातून एकाच गावात, एकाच दशकात, त्याच नावाच्या बापाची त्याच नावाची दोन मुले. शाखाशाखांच्या वह्या एकत्र करताना यंत्र दोन मारियांची एक मारिया करते किंवा एका पास्कूचे तीन पास्कू करते. कोणती मारिया कोणत्या आळीतली हे केंद्रातील तज्ज्ञाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सांगणार गावातली एखादी आजी. तिला केंद्रात नेऊन बसवता येत नाही, म्हणून निर्णयाचा अधिकार तिच्या गावाजवळ ठेवावा लागतो. शिवाय वहीत दुरुस्ती समासात होते. मूळ अक्षरे तशीच दिसत राहतात, कोणी कधी बदलले तेही राहते. यंत्रात जुने पुसून नवे लिहिणे एका बोटाचे काम आहे. म्हणून कोणतीही यंत्रणा घेताना, प्रत्येक बदलाचा मागोवा तिच्यात कायम राहतो की नाही हे पहिल्याच बैठकीत विचारावे.

केंद्राविषयी आणखी एक गोष्ट. केंद्रे बदलतात. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा आमच्या धर्मग्रामांचे केंद्र एका दिवसात बदलले. बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र त्याच कपाटांत राहिल्या आणि त्यांतील एकाही नोंदीचे घर हलले नाही. सारी माहिती एका विक्रेत्याच्या यंत्रात, त्याच्याच सांकेतिक पद्धतीने कोंडून ठेवणाऱ्या संस्थांनी हे उदाहरण पाहावे. विक्रेताही एक केंद्रच असतो, आणि तोही बदलतो.

तेव्हा माझे मत विचाराल तर असे. प्रत्येक धर्मग्रामाची नोंद धर्मग्रामातील यंत्रात आणि कागदावरील वहीत राहावी. कागद सोडू नये. केंद्रात नाव, धर्मग्राम, वर्ष आणि नोंदीचा क्रमांक एवढीच सूची सर्वांना शोधता येईल अशी ठेवावी. पूर्ण नोंदीची प्रत केंद्राने कुलूपबंद स्वरूपात सांभाळावी, पण समासातील मजकूर मूळ धर्मग्रामाच्या संमतीवाचून तेथे उघडू नये. विवाहाचा निरोप टपालाऐवजी यंत्राने जावा आणि मिळाल्याची पोच आल्याशिवाय पाठवणाऱ्याचे काम पुरे झाले असे समजू नये. शाळा आणि पतपेढ्या यांची गणिते थोडी निराळी असतील. पैशाचा हिशेब एकाच जागी असलेला बरा, कारण तेथे दोन वह्या म्हणजे दोन प्रलोभने. पण विद्यार्थ्याच्या आजाराची किंवा घरातील कलहाची टिपणे शाळेच्या मुख्यालयात कशाला हवीत?

उरते ते किल्लीचे. दप्तराच्या कपाटाची किल्ली धर्मगुरूंची बदली होताना नवीन धर्मगुरूंच्या हाती रीतसर दिली जाते. संकेतशब्द मात्र बहुधा एखाद्या उत्साही तरुणाच्या स्मरणात असतो आणि तो तरुण आखातात नोकरीला जातो. तो शब्द मोहोरबंद पाकिटात घालून त्याच कपाटात ठेवावा आणि किल्लीबरोबर त्याचेही हस्तांतरण लिहून घ्यावे. केंद्रातील प्रत खरोखर उघडते की नाही, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष पाहिले जावे: बिशपांचे प्रतिनिधी दप्तर तपासायला येतात त्या दिवशी जुन्या वहीतील कोणतीही पाच पाने उघडावीत, केंद्राकडून त्याच पाच नोंदी मागवाव्यात आणि परिषदेच्या दोन सभासदांनी त्या शेजारी ठेवून, समासासकट, ताडून पाहाव्यात.